सासऱ्यांना सांगितलेलं

लग्न होऊन चिंचणीला आले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला विचारलं, "पोरी, तू कंपनीत नेमकं करतेस काय?"

हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. माझं माहेर माकुणसारचं. मी दहावीत असताना वडील गेले. आईनं केळीची आणि पानवेलीची वाडी एकटीनं सांभाळून मला पालघरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घातलं, पण मी शिकले काय, ते तिला कधी उमगलं नाही. "माझी मुलगी टीवी दुरुस्त करते," असं ती अजून सांगते. नवरा पालघरला सरकारी कचेरीत कारकून. त्याला माझा पगार ठाऊक होता, सुट्ट्या ठाऊक होत्या. त्यापलीकडे त्यानं कधी विचारलं नाही आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कामावरून घरी आल्यावर कामाबद्दल कोण बोलतं?

"मी वस्तू मोडते, बाबा," मी म्हटलं.

ते हसले आणि सरसावून बसले. मग मी सांगितलं. बोईसरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. ब्लूटूथचे स्पीकर, इअरफोन, दाढीचे ट्रिमर, छोटे टीव्ही. बाजारात जायच्या आधी प्रत्येक मॉडेलचे काही नग आमच्या लॅबमध्ये येतात. आम्ही ते कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकतो, बटणं हजारो वेळा दाबतो, खाऱ्या पाण्याच्या वाफेत ठेवतो, गरम पेटीत घालून सलग चार्ज करतो. जे आमच्या हातून मोडत नाही ते गिऱ्हाइकाच्या हातून मोडणार नाही, असा हिशेब. सासरे ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "खाऱ्या पाण्याची वाफ कशाला?" मी म्हटलं, "चिंचणीसारख्या गावातल्या लोकांसाठीच. इथं खिडकीचे गजसुद्धा गंजतात." त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी सासूबाईंना हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. सासूबाई चिकूच्या टोपल्या भरत होत्या. "बरं हाय," एवढं म्हणून त्या परत कामाला लागल्या.

सासरे पालघरच्या एका बँकेतून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात कायम पेन, आणि पेपर आला की आधी शेअरच्या भावांचं पान. गावात त्यांच्या वयाचे दोघंतिघं तसेच होते, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. मला विशेष वाटायचं ते दुसरंच. कंपनीची बस मला सहाच्या सुमाराला नाक्यावर सोडायची. मी घरी पोचेपर्यंत ते स्वतः चहा टाकत. त्या घरात दुसऱ्या कुणासाठी त्यांनी चहा केलेला मी पाहिला नाही. मग पडवीत आम्ही दोघं बसायचो आणि ते म्हणायचे, "बोल, आज काय मोडलं?"

मी सांगत सुटायची. मला सवयच लागली. दुपारी लॅबमध्ये काही गमतीचं घडलं की मनात यायचं, हे बाबांना सांगायला हवं. वडील गेल्यापासून माझं असं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. माहेरी गेले की आईला मी हेच सांगायची, की मला सासरे नाहीत, वडीलच मिळालेत. आई पदरानं डोळे पुसायची.

आमच्या लॅबचे प्रमुख साहेब कडक होते. ते मूळचे आमच्या भागातले नव्हते, पण बोईसरला वीस वर्षं काढलेली. मला कामाला लावताना त्यांनी सांगितलं होतं, "इथं जे कळतं ते इथंच ठेवायचं. एखादा माल नापास झाला हे बाहेर कळलं, तर लोक त्यावर पैसे लावतात. कंपनी शेअर बाजारात आहे, विसरू नका." दरवर्षी एक फॉर्म यायचा. घरात कोण कोण राहतं, त्यांची नावं, आणि खाली 'कंपनीची गोपनीय माहिती मी कुणाला देणार नाही' असं छापलेलं. कॅन्टीनच्या कुपनांवर करावी तशी मी त्यावर सही करायची. पडवीतलं बोलणं म्हणजे माहिती देणं, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. बाहेरच्याला सांगू नये, इतकं मला कळत होतं. सासरे बाहेरचे कसे असतील?

तिसऱ्या वर्षी कारखान्यात मागची शेड रिकामी करायला घेतली. परदेशातून मोठाल्या लाकडी पेट्या आल्या आणि गावागावांतून नव्या मुलींची भरती सुरू झाली. एका परदेशी कंपनीचे इअरफोन आमच्याकडे बनणार होते. त्यांचे नमुने आमच्याकडे तपासायला आले, म्हणून मला ते इतरांच्या आधी ठाऊक होतं. मी घरी आनंदानं सांगितलं. सासऱ्यांनी दोनतीन प्रश्न विचारले. करार झाला का? सही कधी? कुणाची माणसं आली होती? मला वाटलं, किती बारकाईनं ऐकतात.

त्यानंतर ते प्रश्न थोडे बदलत गेले, हे मला आता कळतं. 'काय मोडलं' हे विचारणं कमी झालं आणि 'किती माल चाललाय', 'साहेब आज खूश होते का' हे वाढलं. एकदा मी गरम पेटीच्या बिघडलेल्या दाराची गोष्ट रंगवून सांगत होते, तर ते मध्येच म्हणाले, "ते असू दे. त्या इअरफोनचं काय झालं?" मला जरासं लागलं. पण म्हटलं, वय झालंय.

मग स्पीकरचं प्रकरण झालं. दिवाळीसाठी आमचा नवा स्पीकर येणार होता. पेपरात पानभर जाहिराती लागलेल्या, ट्रकच्या ट्रक माल गोदामांत पोचलेला. तपासणीत तो आमच्याकडून पासच झाला होता. पण बॅटऱ्या पुरवणाऱ्यानं नंतरच्या मालात काहीतरी बदललं असावं, अशी साहेबांना शंका आली आणि त्यांनी गोदामातून काही नग परत मागवले. आम्ही ते गरम पेटीत चार्जिंगला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे काम करणारा बिहारचा ऑपरेटर एक स्पीकर हातात घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, ये तो फूल गया," तो म्हणाला. स्पीकरची पाठ पोटासारखी वर आली होती. दुपारपर्यंत आणखी चार फुगले.

साहेबांनी लॅबचं दार लावून घेतलं. आम्ही आत चौघं होतो. साहेब, मी, तो ऑपरेटर आणि आमच्यातला एक जुना इंजिनियर. "सगळा माल परत मागवावा लागणार," साहेब म्हणाले. "मुंबईचं ऑफिस जाहीर करेपर्यंत हे ह्या खोलीच्या बाहेर जाता कामा नये." दाराची कडी त्यांनी पुन्हा एकदा तपासली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती रडवेली होऊनच. स्पीकर पास केल्याच्या कागदावर माझीही सही होती. एखाद्याच्या घरात, लहान मुलाच्या उशाशी तो फुगला तर, हेच डोक्यात घोळत होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं, पोरी?"

आणि मी सांगितलं. सगळं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझी चूक नाही त्यात. वेळेवर सापडलं हे देवाचे उपकार." मला इतकं बरं वाटलं. रात्री झोप लागली.

चार दिवसांनी कंपनीनं जाहीर केलं. माल परत मागवला गेला, पेपरात बातम्या आल्या, शेअर धाडकन खाली आला. आमच्या कारखान्यात कितीतरी जणांनी थोडे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. कॅन्टीनमध्ये आठवडाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी सासऱ्यांना विचारलंसुद्धा, "बाबा, तुमच्याकडे तर नव्हते ना आमच्या कंपनीचे शेअर?" ते पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "छे."

दोन महिन्यांनी मुंबईच्या ऑफिसातून एक बाई आल्या. कंपनीचे नियम पाळले जातात की नाही हे बघणं त्यांचं काम. मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि एका नावावर बोट ठेवलं.

"ह्या बाई तुमच्या कोण?"

नाव माझ्या सासूबाईंचं होतं. खाली पत्ता आमच्या घराचा. मी म्हटलं, "सासूबाई. पण त्यांचा इथं काय संबंध?"

बाईंनी शांतपणे सांगितलं. इअरफोनचा करार जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी ह्या नावावर आमच्या कंपनीचे बरेच शेअर घेतले गेले होते. आणि माल परत मागवल्याचं जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी ते सगळेच्या सगळे विकले गेले होते. नाव आणि पत्ता माझ्या फॉर्मशी जुळले म्हणून त्या माझ्यापर्यंत पोचल्या होत्या.

"त्यांना शेअर म्हणजे काय हेही माहीत नाही," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला सगळं कळलं. त्या बाईंनाही ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मला त्याच दिवशी घरी पाठवलं. मी दुपारी दोनला रिक्षानं चिंचणीला आले. सासूबाई मागच्या अंगणात जुईच्या कळ्या निवडत होत्या. "गो, आज लवकर आलीस? बरं नाय काय?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. विचारलं, "आई, तुमच्या नावावर शेअर आहेत?"

"माज्या नावावर?" त्या हसल्या. "माज्या नावावर गॅसपण नाय."

"बाबांनी कधी सह्या घेतल्या होत्या?"

"त्या घेतच असतात. बँकेच्या म्हणतात. मी करते." मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू मावळलं. "काय झालंय?"

तेवढ्यात सासरे वाडीतून आले. मी उठून उभी राहिले.  मी एवढंच म्हटलं, "कंपनीला कळलंय."

त्यांनी पाय धुतले, पंच्यानं पुसले. मग म्हणाले, "एवढं काय त्यात? सगळेच करतात. मोठमोठे लोक करतात."

"तुम्ही मला विचारलंत, काय झालं पोरी. डोक्यावर हात ठेवलात."

"मग? तू रडत होतीस."

"आणि दुसऱ्या दिवशी विकलेत."

"घरात बोललेलं घरातच राहिलं ना?" ते म्हणाले. "मी कुठं बाहेर कुणाला सांगितलं? आणि केलं ते कुणासाठी? तुम्हा दोघांना पालघरला फ्लॅट घ्यायचाय, तो कारकुनाच्या पगारात येणार होता?"

सासूबाई कळ्यांची परडी तशीच टाकून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना अर्धं कळत होतं, अर्धं नाही. "माजं नाव कशाला लावलंत?" त्या म्हणाल्या. 

मी सासऱ्यांना एकच गोष्ट विचारली. मला तेवढीच हवी होती. "बाबा, पहिल्या आठवड्यात विचारलं होतंत, मी काय करते म्हणून. तेव्हाही हेच मनात होतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही, असं मला आधी वाटलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नाही. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा मला खरंच ऐकायला आवडायचं."

ह्यानं मला बरं वाटायला हवं होतं. पण 'तेव्हा' कधी संपलं आणि 'आता' कधी सुरू झालं, हे मी आजही शोधते. कुठल्या संध्याकाळपर्यंत तो माणूस माझं ऐकत होता आणि कुठल्या संध्याकाळपासून शेअरचं ऐकत होता? रेघ कुठं मारू?

नवरा सात वाजता आला. मी त्याला खोलीत नेऊन सांगायला लागले, तर तो अर्ध्यावरच म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाबा तुमच्या कंपनीचे शेअर घेतात ते. पहिल्यापासून. तू उगाच घाबरली असतीस म्हणून बोललो नाही."

मी पलंगावर बसले. तो माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला आणि मी तो झटकला. आमच्या लग्नात मी असं पहिल्यांदाच केलं.

चार दिवसांनी मला कारखान्यात माझं सामान न्यायला बोलावलं. नोकरी जाणार हे तोवर नक्की झालं होतं. साहेब लॅबच्या बाहेर उभे होते. माझं नाव पुढे यायच्या आधी त्यांचीही दोन दिवस चौकशी झाली होती, हे मला ऑपरेटरनं सांगितलं. मी त्यांच्यासमोर गेले, माफी मागायचे शब्द जुळवत.

ते आधी बोलले. "मला विचारलं, दार लावलं तेव्हा आत कोण कोण होतं. मी चौघांची नावं दिली. मग विचारलं, ह्यातलं कोण बोललं असेल. मी म्हटलं, मी स्वतः बोललो असेन, ऑपरेटर बोलला असेल, इंजिनियर बोलला असेल. पण ती मुलगी घरीसुद्धा बोलायची नाही." मग ते म्हणाले, "त्या ऑपरेटरचा फोन त्यांनी दोन दिवस काढून घेतला होता. माझ्या बोलण्यामुळे."

 सासऱ्यांनी मला फसवलं, हे खरं. पण साहेबांना मी फसवलं होतं, आणि तेही काही न मिळवता. तो ऑपरेटर आत काम करत होता. मी त्याला भेटायला गेले नाही. जायला हवं होतं.

पुढे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कचेरीची नोटीस तिघांना आली. मला, सासऱ्यांना आणि सासूबाईंना. मुंबईला जबाब द्यायचा होता. सासऱ्यांनी वकील केला. वकील घरी आला, पडवीत बसला, आणि म्हणाला की सगळं एका वाक्यावर आहे. मी लिहून द्यायचं की घरी कंपनीच्या कामाबद्दल बोलणं होत नसे. सासरे म्हणणार, मी पेपर वाचून, बाजार बघून अंदाज केला. मग सिद्ध करणं कचेरीला कठीण जाईल. "तुम्हीही सुटाल," वकील मला म्हणाला.

नवऱ्यानं रात्रभर समजावलं. सासरे सकाळी निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "घराची लाज तुझ्या हातात आहे."

मी मुंबईला त्या टेबलासमोर बसले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "घरी कामाबद्दल बोलणं व्हायचं का?" आणि माझ्या मनात आलं, त्या घरात सहा वर्षांत मला मनापासून आवडलेली एकच गोष्ट होती, आणि ती कधी घडलीच नाही, असं मी सही करून द्यायचं?

"व्हायचं," मी म्हटलं. "रोज."

जे जसं झालं तसं सांगितलं. सासूबाईंना काही ठाऊक नव्हतं हेही सांगितलं. त्यांचं नाव पुढे त्यातून निघालं. सासऱ्यांना मिळवलेलं सगळं दंडासकट भरावं लागलं आणि काही वर्षं बाजारात व्यवहार करायला बंदी आली. मलाही दंड झाला. तो मी माझ्या दागिन्यांतून भरला, नवऱ्याकडून घेतला नाही.

चिंचणीत कुणाला सासऱ्यांचा गुन्हा दिसला नाही. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाच्या खिशात हात घातला नाही. म्हातारा हुशार, एवढंच लोक म्हणाले. माझ्याबद्दल मात्र बोललं गेलं. बाजारात एका बाईनं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "सुनेनं सासऱ्याला पकडून दिलान." कारखान्यातल्या मुलींनी शेअरमध्ये गमावलेलं कुणाला आठवलं नाही. ज्यांनी सासऱ्यांचे ते शेअर भाव पडायच्या आधी विकत घेतले, त्यांना तर कुणी ओळखतच नव्हतं.

मी पालघरला भाड्याच्या खोलीत आले. नवरा दोन महिन्यांनी आला. पिशवी ठेवली आणि राहिला. आमच्यात बरं आहे, पण पूर्वीसारखं नाही. मला आता पंख्यांच्या एका छोट्या कारखान्यात काम आहे. तो शेअर बाजारात नाही, हे मी मुलाखतीतच विचारून घेतलं होतं.

सासऱ्यांशी माझं बोलणं गणपतीत, लग्नाकार्यात होतं. 'बरी आहेस?' 'बरी आहे.' त्यांची तब्येत खालावली आहे. कधी त्यांच्याजवळ बसावंसं वाटतं, आणि मग बसवत नाही.

मागच्या महिन्यात सासूबाई एकट्याच एसटीनं पालघरला आल्या. त्या कधी एकट्या आलेल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "चल, बँकेत जायचं हाय." माज्या नावावर काय काय हाय ते सगळं मला वाचून दाखव, असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. तिनं वाचून दाखवलं. पेन्शनचं जोडखातं, एक मुदतीची ठेव आणि ते शेअरचं खातं, रिकामं. सासूबाईंनी प्रत्येकाबद्दल विचारलं, हे काय, ते काय, ह्याचे पैसे कुणाचे. मागे रांग वाढत होती. मुलगी कंटाळली होती. शेअरचं खातं बंद करायचा अर्ज त्यांनी मला वाचायला लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बारीक अक्षरांसकट. एक शब्द कळला नाही तर थांबवायच्या. मी सांगायची. मग त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश सही केली.

"येवडंच काम होतं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी भाजी घ्यायला गेलो.